मागच्या दारचा सोनटक्का

योगिनी कोऱ्हाळ्याला आली होती परसदार मोजायला, आणि दारात चप्पल काढते न काढते तोच तिच्या हातात पोह्यांची बशी आली. खांद्याला बॅग, बॅगेतून डोकावणारी मोजपट्टी… पण जयवंताबाईंना मोजपट्टी कुठली दिसायला! त्या दिवशी एक मुलगी घर बघायला यायची होती, आणि तिच्याआधी ही स्कूटीवरून उतरली. जयवंताबाईंनी दंडाला धरून तिला सोफ्यावर बसवलं आणि मुलाला हाक मारली.

मुलगा आला. उंच, इस्त्रीचा शर्ट, कान लाल झालेले. समोर बसला आणि फरशीकडं बघत म्हणाला, "मी ऋषिराज. तुमचं शिक्षण?"

"बी.एस्सी. हॉर्टिकल्चर," योगिनी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "पण मी बागेवाली आहे हो. इंदापूरहून आलेय. तात्यांनी फोन केला होता ना, मागची बाग करायचीय म्हणून?"

आता ऋषिराजनं मान वर केली. डोळ्यांत आधी घाबरल्यासारखं काहीतरी, मग हसू. त्याचे वडील रामहरीतात्या तर मांडी थोपटत हसले. "मोजायलाच आलाय, तर पोरगंबी मोजून घ्या की. काय म्हणताय?"

"नको हो तात्या," योगिनी घास चावत म्हणाली. "मला शेतकरी नवरा नकोच. आईनं तर शपथ घेतलीय, उसाच्या रानात लेक द्यायची नाही."

सगळे हसले. ऋषिराजही हसला आणि रिकामी बशी उचलून आत गेला. योगिनी बोलून गेली आणि विसरून गेली. ज्यानं ऐकलं तो विसरला नव्हता, हे तिला कळायचं होतं, पण फार उशिरा.

या घराची अडचण गावातल्या बऱ्याच घरांची होती. ऊस चांगला, घर चांगलं, मुलगा तर लाखात एक. पण मुली नको म्हणत होत्या. मध्यस्थानं शेवटी कानमंत्र दिला होता. पुढची बाजू सगळ्यांचीच चकचकीत असते, हल्लीच्या मुली सरळ मागच्या दारी जातात. तिथं गोठा नि उकिरडा दिसला, की चहा गार व्हायच्या आत नकार.

त्या दिवशीही तेच झालं. खरी पाहुणी आली, बोलत बोलत मागं गेली, नाकाला रुमाल लावून परत फिरली. योगिनी तेव्हा मागंच होती. पट्टीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं ऋषिराजच्या. पाहुण्यांची गाडी रस्त्याला लागल्याचा आवाज आला, तरी त्यानं पट्टी सोडली नाही.

"किती आलं?" त्यानं विचारलं.

"साठ फूट."

"बरं हाय मग. जागा तरी भरपूर हाय."

त्याच्या या बोलण्यावर हसावं की रडावं, योगिनीला समजेना. रात्री इंदापूरला घरी कागदावर नकाशा काढताना मात्र तिला तोच आवाज आठवत राहिला.

आषाढात काम सुरू झालं. गोठा रानाच्या कडेला हलवला, उकिरडा उचलला. तिथं तळं खोदायचं होतं, तळ्यावर पुढं आलेला लाकडी डेक, आणि भोवती ताटवे. तात्या डेकला मचाण म्हणायचे. "राखणीला बसायचं का ह्यावर?" असं रोज विचारायचे.

"एक इथं, एक तिथं अशी झाडं लावायची नाहीत," योगिनीनं ऋषिराजला समजावलं. "एकाच जातीची दाटीनं लावायची. नजर टाकली की नुसती कर्दळ. पलीकडं नुसती लिली."

"मग आमी दुसरं काय करतोय?" त्यानं पाठीमागच्या उसाकडं हात केला. "एकच जात. दाट. नजर टाका कुठवर टाकायची ती."

"तुमच्या ताटव्याला फूल कुठंय?"

"तुरा येतो की. पर तुरा आला की उसाचं वजन घटतं, मालक रडतो." तो हसला. "तुमची फुलं बरी. आली तरी कुणी रडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती आली तर फाटकापासून तळ्यापर्यंत चिखलावर एक लांब फळी टाकलेली. कुणी टाकली, कुणासाठी, कुणी काही बोललं नाही. गडीमाणसं चिखलातूनच ये-जा करत होती. फळीवरून चालली ती एकटी योगिनी.

मग काय व्हायचं ते झालं. काम नसलं तरी काम निघू लागलं. कधी कर्दळीचे कंद बघायचे, कधी तळ्याचा उतार. ऋषिराज साखर कारखान्यावरून परतताना वाकडी वाट करून मागच्या दारानं यायचा. प्रत्येक गोष्ट तिला विचारायचा. कडेचा दगड काळा की तांबडा? "तुमाला कुठला आवडंल?" बसायला झोपाळा की बाक? "तुमाला?" एकदा तिनं मुद्दाम डोळे बारीक करून विचारलं, "बाग तुमची की माझी?"

"लावणाऱ्याची आसती," तो म्हणाला. आणि उगाचच पाण्याची पाईप गुंडाळायला लागला.

तळ्याच्या काठी काय लावायचं, हेही त्यानं तिलाच विचारलं. ती म्हणाली, सोनटक्का. संध्याकाळी उमलतो, आणि वासासाठी वाकावं लागत नाही, तोच शोधत येतो. त्यानं कुठून कुठून कंद आणले आणि आपल्या हातानं लावले.

भाद्रपदात एका दुपारी अचानक सर आली. पळायला जागा नव्हती. दोघांनी तळ्यात अंथरायला आणलेला प्लॅस्टिकचा काळा कागद डोक्यावर ओढला आणि डेकच्या अर्धवट फळ्यांवर उकिडवे बसले. कागदावर पाऊस ताशासारखा वाजत होता. त्याच्या खांद्याला ओल्या मातीचा वास होता. तिच्या कपाळावरचं पाणी पुसायला त्याचा हात वर आला… आणि मध्येच थांबला. त्यानं तो कागदाच्या कडेला लावला.

"एक इचारू?" तो म्हणाला.

"विचारा ना." तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

त्यानं कागदाची कड आणखी खाली ओढली. मग—

"सोनटक्क्याला पाणी किती लागतं?"

योगिनीला त्या क्षणी त्याला तळ्यात ढकलून द्यावंसं वाटलं. इतकं तिचं त्याच्यावर प्रेम होतं.

तिनं घरी विषय काढला. वडील जवळच लोणी देवकरच्या एका कंपनीत होते, त्यांनी सगळं आईवर सोडलं. आई बोलली. तिचं माहेर उसाचं. शेणाच्या पाट्या वाहून तिचं बालपण गेलं होतं. लेकीनं त्या वाटेला जायचं नाही, ही तिची जिद्द. योगिनीनं अबोला धरला, जेवण टाकलं, चिडली, शेवटी गळ्यात पडून रडली. दिवाळी अशीच कडू गेली. तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव बांधता बांधता आई एकदम म्हणाली, "त्यांच्याकडून विचारणा आली तर मी नाही म्हणणार नाही. पण आपण होऊन मी सांगायला जायची नाही."

एवढंच पुरेसं होतं. आता त्यानं विचारायचं तेवढं राहिलं होतं. आज विचारील, उद्या विचारील…

आणि फोन आला. "रविवारी याल का?" ऋषिराजचा आवाज दबलेला. "कारंजं चालू करून द्यायला पायजे. घरी… पाव्हणे येणार हायेत."

पाहुणे म्हणजे कोण, हे तिनं विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. रविवारी मात्र ती आईची मोरपंखी साडी नेसून गेली.

डेकवर सोनल बसली होती. बारामतीत बँकेत नोकरी, बोलायला मोकळी. तिचा राग येईल असं तिच्यात काहीच नव्हतं, हेच वाईट होतं. योगिनीनं मोटार चालू केली, तळ्याच्या मध्यावर पाणी उसळलं, आणि सोनल आपल्या आईला म्हणाली, "मला हे मागचं फार आवडलं गं. इथं मी राहीन."

थोड्याच वेळात सुपारी फुटली. जयवंताबाई धावत मागं आल्या आणि योगिनीच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी बोटं मोडली. "तुझ्या हाताला यश हाय गं बाई. एवढ्या पोरी आल्या, पर हितं कुणाचा पाय ठरला न्हाय. तुझ्या बागंनं सून दिली मला." त्यांनी तिच्या तळहातावर साखर ठेवली आणि आल्या तशा परत गेल्या.

योगिनी साखर मुठीत धरून मोटारीपाशी उभी राहिली. मागून ऋषिराज आला.

"एकदा तरी विचारायचं होतं," ती म्हणाली. लाजायला आता काही उरलं नव्हतं.

"तुमी इचारायच्या आधीच न्हाय म्हणाला व्हता."

"मी? कधी?"

"पैल्याच दिवशी. शेतकरी नकोच, म्हणून."

तिला आठवायला वेळ लागला. मग आठवलं. पोहे, तात्यांचं हसणं, उचललेली बशी.

"ते… मी हसत म्हणाले होते."

"सगळ्याच हसत म्हणत्यात, मॅडम," ऋषिराज हळूच म्हणाला. "रडत कुणीच न्हाय म्हणत. आमी ते हसणं ऐकायला शिकलोय. एकदा न्हाय म्हणल्यावर परत इचारलं, तर माणूस लाचार दिसतो."

"पण मी आईला—" ती थांबली. डेकवर सोनल तात्यांशी काहीतरी बोलून हसत होती. शब्द दिला गेला होता. आता सांगून काय होणार होतं? एक घर मोडलं असतं, नाहीतर याचा जन्मभर जीव तुटला असता.

"आईला काय?" त्यानं विचारलं. "काय म्हणत व्हता?"

संध्याकाळ झाली होती. काठावरचा सोनटक्का उमलायला लागला होता आणि वास शोधत आला होता. योगिनीनं मूठ घट्ट केली.

"थंडीत सोनटक्क्याला पाणी कमी द्या," ती म्हणाली.

त्याला कळलं. कागदाखालची ती दुपार, तो थांबलेला हात, सगळं त्याच्या तोंडावर आलं आणि ओठ हलले, पण डेकवरून तात्यांनी हाक मारली, "ऋषी, पाव्हणे निघालेत!"

"देतो," एवढंच तो म्हणाला आणि गेला.

वर्षभर बाग सांभाळून द्यायचं तिनं कबूल केलं होतं. उद्यापासून माणूस पाठवावा, असं तिनं ठरवलं. साखर मुठीत विरघळून चिकट झाली होती. ती तळ्यात हात धुवायला वाकली, आणि न धुताच उठली. फाटकापर्यंत ती फळी अजून तशीच पडलेली होती. चिखल कधीचा वाळून कडक झाला होता, कुठूनही चालता आलं असतं. योगिनी फळीवरूनच गेली.