डावीकडचा माइक

दारावरचा लाल दिवा लागलेला असताना आत शिरायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गादीसारखं जाडजूड दार ढकलून ती आत आली, आणि पावसात भिजलेल्या तिच्या चपलांनी पहिल्याच पावलाला 'चुंईऽ' असा सूर लावला.

समोर डोळे मिटून ताई गात होत्या. घराघरात ज्यांचा आवाज पोचला होता, त्या गायिका. आणि काचेपलीकडे हेडफोन लावून रेकॉर्डिंग करत बसलेल्या तरुणानं झटकन ओठांवर बोट ठेवलं. तिनं दुसरं पाऊल उचललं होतं... ते टेकवावं की नाही, कळेना. शेवटी गाणं संपेपर्यंत ती तशीच एका पायावर उभी राहिली. हसू दाबता दाबता तो मात्र कानापर्यंत लाल झाला.

दिवा विझला. भिंतीवरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला, "बगळ्यानं आता पाय टेकवायला हरकत नाही."

"चपला बाहेर काढायच्या असतात का?" तिनं ओशाळून विचारलं.

"सुरात वाजत असतील तर राहू द्या."

कोरसमध्ये गाणाऱ्या मैत्रिणीचा घसा बसला होता, म्हणून तिच्या जागी ही आली होती. एरवी ती बालवाडीत शिकवायची; पोरांकडून प्रार्थना म्हणून घेण्यापलीकडे तिचं गाणं गेलं नव्हतं. आणि आता ताईंचा नवा संग्रह — काही गाणी देवाची, काही खचलेल्या माणसाला हात देऊन उठवणारी — आणि त्यांच्या मागे, डावीकडच्या माइकसमोर, ती. देवानंच बोटाला धरून आणून उभं केलं, असं तिला वाटलं.

ताईंची एक रीत होती. गाण्याआधी त्या सगळ्यांना जवळ बसवून त्याचा अर्थ सांगायच्या. "शब्द म्हणून दाखवू नका रे," त्या म्हणायच्या, "ज्याच्यासाठी गाताय, त्याला हाक मारा. देवाला पाठांतर ऐकवायला जाता का तुम्ही?" ऐकताना हिचे डोळे भरून यायचे. मान वर करावी तर काचेपलीकडून तो बघत असायचा... आणि घाईघाईनं एखादं बटण उगाचच फिरवायचा.

सगळं छान चाललं होतं. पण दुसऱ्या गाण्यापासून एक भानगड सुरू झाली.

"आणखी एकदा घेऊ या का?" स्पीकरमधून यायचं. "कोरसची ओळ. डावीकडच्या माइकवर जरा... काहीतरी वाटतंय."

डावीकडे म्हणजे ती. पुन्हा गायचं. पुन्हा तेच. कोरसमधले ढेरपोटे काका पोटावर हात फिरवत म्हणायचे, "अहो, देवसुद्धा एका हाकेला येतो. तुम्हाला किती हाका मारायच्या?"

सगळे हसायचे. ती मात्र आतून आक्रसत चालली होती. घरी उशीत तोंड खुपसून ती तीच ओळ घोटायची. दादा वैतागला. "अगं, पुढची ओळ तरी गा. मला आता ही झोपेतही येते."

मधल्या सुट्टीत तो चहा घेऊन तिच्याशेजारी यायचा. गप्पा मात्र झकास व्हायच्या.

"दिवसभर लोकांच्या चुका ऐकून कंटाळत नाही तुम्ही?"

"काही आवाजांचा नाही येत कंटाळा."

"म्हणजे माझ्या चुका तुम्हाला आवडतात?"

त्याच्याच कपातला चहा हिंदकळला. "तसं नाही... म्हणजे..." आणि तो उठून गेला. तिनं मनाशी म्हटलं — बिचारा. तोंडावर वाईट सांगवत नाही याला.

शेवटच्या गाण्याच्या दिवशी ती आली तीच ठरवून. ताईंपाशी जाऊन हळूच म्हणाली, "ताई, या गाण्यात मी नको. माझा आवाज बिघडवतोय सगळं. आणि... मी गाणंच सोडावं म्हणते."

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी काचेकडे मान वळवली. "काय रे? हिचे सगळे टेक ऐकव बघू. पहिल्यापासून."

त्याचा चेहरा उतरला. पण ताईंपुढे काय चालणार? त्यानं पहिला टेक लावला. स्वच्छ. दुसरा लावला, तोही स्वच्छ. काका डोळे मिटून डुलायला लागले.

"खोट कुठंय यात?" ताई म्हणाल्या.

स्पीकर खट्कन बंद झाला. मग तो स्वतःच दार उघडून आत आला. हेडफोन गळ्यातच, त्याची वायर मागे फरफटत.

"खोट नाहीच," तो म्हणाला. "कधीच नव्हती. गाणं झालं की या जाणार... म्हणून म्हणत होतो, आणखी एकदा."

काकांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

"देवाच्या गाण्यात लबाडी केलीस," ताई म्हणाल्या. आवाज कडक, पण डोळे हसरे. "त्याचं एक वेळ सोडून देऊ. तो फार सोसतो सगळ्यांचं. पण या पोरीनं का सोसायचं?"

"मी गाणं सोडायला निघाले होते," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता — रागानं, आणि आणखी कशानं तरी. "तुमच्या कानावर विश्वास ठेवून."

"मला माफ करा." त्याची मान वर होईना. "इतकं लागलं असेल, हे मला... मी फक्त माझाच विचार केला."

ती जाऊन डावीकडच्या माइकसमोर उभी राहिली.

शेवटचं गाणं सुरू झालं. "चालता चालता थकलास जर तू, उजेड थांबेल तुझ्यासाठी" — ताईंनी ओळ सोडली, कोरसनं उचलली. तिनं डोळे मिटून हाक मारल्यासारखं गायलं. दिवा विझला तेव्हा काकांनी डोळे पुसले. "वा. झालं एकदाचं."

सगळ्यांची नजर काचेकडे. तीही बघत होती. आता हा काय म्हणेल? गोड बोलेल, तर त्या गोड बोलण्याचं ती काय करणार होती?

त्यानं बटण दाबलं.

"दुसऱ्या वेळी 'उजेड'वर... डावीकडच्या माइकवर... श्वास तुटलाय. खरंच तुटलाय. परत घ्यावं लागेल."

काकांनी कपाळाला हात लावला. "याला अक्कल कधी यायची?"

पण तिला ठाऊक होतं, तिथं तिचा श्वास तुटला होता; या वेळी तो खरं बोलत होता. त्या शब्दाशी घसा दाटून आला होता, आणि तो का दाटला होता हेही तिला ठाऊक होतं. कितीतरी दिवसांनी तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं.

"घ्या," ती माइकमध्ये म्हणाली. मग खाली बघत, हळूच — पण त्याच्या हेडफोनात अगदी कानाशी पोचेल असं — "आणि झाल्यावर निघून जाऊ नकोस. बाहेर पाऊस आहे... आणि मला घरापर्यंत सोबत हवी आहे."