आपला वेळ संपला आहे

दुकानात पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकले. समोरची भिंत माझ्या चांगलीच ओळखीची होती!

फिकट निळा रंग, त्यावर चष्म्यांच्या फ्रेमच्या रांगा, आणि कोपऱ्यात कायम एका बाजूला कललेलं कॅलेंडर. ही भिंत मी दर महिन्याला बघते... माझ्या स्क्रीनवर. तिच्यापुढे एक माणूस बसतो, तावातावाने बोलतो, आणि मी त्याला गप्प करते.

म्हणजे कामच आहे हो माझं ते! नगरपरिषदेच्या सभेत आता घरबसल्या बोलता येतं. फोनवर ॲप उघडायचं, रांगेत थांबायचं, नंबर आला की तीन मिनिटं मिळतात. सभागृहामागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून मी एकेकाचा माइक चालू करते आणि वेळ झाली की गोड आवाजात म्हणते, “आपला वेळ संपला आहे, धन्यवाद.” मग बटण. समोरच्याचे ओठ हलत राहतात, आवाज मात्र नाही. सुरुवातीला मला फार हसू यायचं. आता फक्त दमायला होतं. दिवसभर लोकांना अर्ध्या वाक्यात तोडून बघा एकदा, रात्री जेवताना स्वतःशीसुद्धा बोलावंसं वाटत नाही.

आणि हा चष्मेवाला तर माझं नेहमीचं गिऱ्हाईक. दर सभेत येणार, दर सभेत तुटणार.

पळून जावं म्हटलं, तर चष्म्याची एक काडी बसमध्ये तुटलेली. उरलेला चष्मा मी हाताने नाकावर दाबून धरला होता. अशा अवतारात कुठे पळणार!

“या, बसा,” तो म्हणाला. “काय झालं?”

मी तुटकी काडी पुढे केली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याने माझा चेहरा कधी बघितलेला नव्हता, पण आवाज? आवाज तो झोपेतही ओळखेल!

“घसा बसलाय का?”

मी जोरजोरात मान डोलावली.

“काडी बसवून देतो. पण डोळे किती लाल झालेत तुमचे! या आत, नंबर बघू.”

आतल्या अंधाऱ्या खोलीत त्याने माझ्या नाकावर ती जड, लोखंडी फ्रेम चढवली आणि समोरचा तक्ता उजळला.

“वाचा.”

झालं! मुकाट्याने कसं वाचणार? मी घशातल्या घशात घोगरं काहीतरी पुटपुटले. तो नीट ऐकू यावं म्हणून जवळ वाकला. त्याच्या बोटांना काच पुसायच्या पाण्याचा वास होता.

“ही काच बरी, की... ही?”

“पहिली,” मी कुजबुजले.

“आणि आता?”

“दुसरी... बहुतेक.”

“सावकाश सांगा. मला कुठे जायचंय?”

एवढ्याशा वाक्याने माझ्या दमलेल्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. तेवढ्यात त्याने आणखी एक काच बदलली आणि तक्त्यावरची शेवटची ओळ अशी लख्ख उमटली, की मी सगळं विसरून बोलून गेले, “अय्या, किती स्पष्ट! धन्यवाद!”

पुढच्या काचेकडे गेलेला त्याचा हात तिथेच थांबला.

“शेवटचा शब्द... परत म्हणा बघू.”

“कुठला?”

“म्हणा तर.”

“...धन्यवाद.”

त्याने खट्कन दिवा लावला. “तुम्ही! दर महिन्याला माझा गळा दाबणाऱ्या त्या तुम्ही!”

“गळा नाही हो. बटण दाबते.”

“मी आदल्या दिवशी आरशासमोर तयारी करतो, माहीत आहे? तरी तुम्ही नेमक्या महत्त्वाच्या वाक्यावर—”

“महत्त्वाचं वाक्य आधी बोलावं माणसाने.”

“माझा मुद्दा मोठा आहे.”

“अक्षरं मोठी करा, एवढाच तर आहे! त्यात तीन मिनिटं कसली?”

तो बघतच राहिला. मग हळूच हसला. “म्हणजे तुम्ही ऐकता.”

“कामच आहे ते,” मी म्हटलं. पण कान तापले ना माझे!

काडी बसवता बसवता तो सांगत होता. म्हातारी माणसं दुकानात येतात आणि म्हणतात, नंबर वाढलाय, नवा चष्मा दे. हा तपासतो, तर नंबर जिथल्या तिथे. नगरपरिषदेच्या ॲपवरची अक्षरंच मुंगीएवढी. “पूर्वी निदान खिडकीपाशी जाऊन भांडता यायचं. समोर माणूस असायचा. आता फोनशी काय भांडणार? आणि मी त्यांना उगाच महागाची काच कशी गळ्यात मारू?”

चिडून बोलत होता, पण फार गोड चिडला होता.

त्यानंतर माझ्या चष्म्याचा स्क्रू वरचेवर सैल होऊ लागला. तो नीट आवळत नव्हता, मी तक्रार करत नव्हते. ऑफिस सुटलं की पाय आपोआप त्या दुकानाकडे वळायचे. मी दमून स्टुलावर बसायची, तो फ्रेम पुसत राहायचा, आणि आम्ही काहीबाही बोलायचो.

एक दिवस तो म्हणाला, “पुढच्या सभेत अर्धं मिनिट जास्त द्याल?”

“नाही.”

“गंमत म्हणून?”

“अजिबात नाही.”

“अहो, कुणाला कळणार आहे?”

“रांगेत शेवटी जो असतो ना... त्याला कळतं.”

त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, पण पुढचं मी सांगितलं नाही. कारण रांगेत शेवटी असायची माझी आत्या.

आत्यानेच मला वाढवलं. आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि तिचे गुडघे कधीच संपावर गेलेत. पायाला एक जखम आहे, बरी म्हणून होत नाही. गल्लीतल्या दवाखान्यातली नर्सबाई जिने चढून येते आणि पट्टी बदलून जाते. आता तो दवाखानाच मोठ्या रस्त्यापलीकडे हलवायचं घाटत होतं. मग नर्सबाई कुठली येतेय! आत्याला सभेत एवढंच सांगायचं होतं. पण ॲपमध्ये शिरता शिरता तिला इतका वेळ लागायचा की ती कायम शेवटी. सभेची वेळ संपायची, उरलेल्यांना “पुढच्या सभेत या” असं सांगायचं, तेही मीच.

माझ्या एका बोटाने तिचं नाव वर सरकलं असतं. पण एकदा सरकवलं की रांगेला अर्थ काय राहिला? घरी आले की आत्या तोंड फिरवून बसायची आणि मी न बोलता भात वाढायची.

मग तिचाही चष्मा फुटला. चष्मेवाल्याने घरी येऊन माप घेतलं, आणि तयार चष्मा घेऊन तो आला तेव्हा तीन जिन्यांनी त्याचा पार फेस काढला होता. आत्याला चष्म्याशिवाय सगळी माणसं सारखीच धुरकट. तो तिच्या कानामागे काडी बसवत होता आणि ती सुटली होती.

“त्या सभेत एक माणूस येतो बघा. चष्मेवालाच आहे मेला! बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. आमची टिल्लू त्याचा आवाज बंद करते तेव्हा कसं गार वाटतं! पण तोवर सगळ्यांचा वेळ खाल्लेला असतो ना त्याने. मग माझा नंबर कसला लागतो!”

मी चहाचे कप घाईघाईने खाली ठेवले. “आत्या!”

“आत्या काय आत्या? खोटं बोलतेय का मी? तुम्हीच सांगा हो, किती बोलावं माणसाने?”

“खरंय,” तो खाली मान घालून म्हणाला. “फारच बोलतो तो.”

चष्मा बसला. आत्याने डोळे मिचकावले. त्याच्याकडे पाहिलं... पुन्हा पाहिलं...

“अगं बाई! पण तुम्ही तर तिथे चांगले जाडजूड दिसता!”

तो खो खो हसला. मी नाही हसले.

जिन्यात त्याने मला थांबवलं. “शेवटचा नंबर त्यांचा असतो?”

मी मान डोलावली.

“मग सांगितलं का नाहीत मला?”

“सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी गप्प बसला असतात. मग मी नाव वर सरकवणं आणि ते, यात फरक काय?”

तो तसाच वळला आणि पायऱ्या उतरून गेला. मला वाटलं, रागावला. त्या आठवड्यात मी दुकानाकडे फिरकले नाही, आणि स्क्रू आपला घट्टच राहिला, मेला.

दवाखान्याचा विषय पुढच्याच सभेत होता. आत्याचं नाव, अर्थातच, तळाशी. चष्मेवाल्याचा नंबर आला. निळी भिंत, फ्रेमच्या रांगा, त्याचा चेहरा. मी माइक चालू केला आणि श्वास रोखला.

“अक्षरं मोठी करा. आणि माणूस बसलेली एक खिडकी चालू ठेवा. माझं झालं.”

संपलं! आपणहून!

अध्यक्षबाईंनी कागदातून मान वर काढली. “तब्येत बरी आहे ना तुमची?”

सभागृह हसलं. मी मागच्या खोलीत एकटीच बसून स्क्रीनवरच्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

आणि मग खरंच आत्याचा नंबर लागला. फोन इतका जवळ धरलेला की दिसत होतं फक्त कपाळ आणि चष्म्याची एक काच. ती बोलू लागली... कुठून? तर आमची इमारत बांधली तिथून! मग जिन्याचा कठडा. मग माझं लहानपण. आत्या, मुद्द्यावर ये गं! मी मनातल्या मनात तिच्या हातापाया पडत होते. वेळ भराभर चालला होता.

“...म्हणून माझं म्हणणं असं, की तो दवाखाना—”

वेळ संपला.

माझं बोट बटणावर होतं. एक वाक्य. फक्त एक वाक्य उरलं होतं. पण याआधी ज्यांना ज्यांना तोडलं, त्यांचंही एकच वाक्य उरलेलं असायचं ना? मी म्हटलं, “आपला वेळ... संपला आहे. धन्यवाद.” आवाज फाटला माझा. बटण दाबलं. आत्याचे ओठ हलत राहिले.

तेव्हा एरवी सभेत डुलक्या काढणाऱ्या एका म्हाताऱ्या नगरसेवकाने हात वर केला. “अध्यक्षबाई, माझा प्रश्न आहे या बाईंना. दवाखान्याचं काय?”

नगरसेवकाने प्रश्न विचारला तर उत्तरासाठी माइक उघडता येतो, तसा नियमच आहे. इतक्या झटकन मी कधी बटण दाबलं नव्हतं!

“टिल्लू, मला बंद केलंस? घरी ये, बघते तुला!”

अख्खं सभागृह हसलं. मी टेबलाखाली लपायचीच बाकी होते. पण आत्या थांबली नाही.

“नर्सबाई रोज जिने चढते. माझ्याकडे येते, वरच्या मजल्यांवरच्या सगळ्यांकडे जाते. दवाखाना लांब नेलात तर ती बिचारी बस पकडेल की जिने चढेल? मला खाली उतरता येत नाही. म्हणून या फोनमधून आले तुमच्यासमोर. एवढंच.”

कुणी हसलं नाही. निर्णय पुढे ढकलला. आधी नर्सबाई किती घरी जाते ते बघायचं, तोवर दवाखाना जागेवर. आमच्या नगरपरिषदेत यालाच जिंकणं म्हणतात.

बाहेर आले तेव्हा उन्हं उतरली होती आणि माझे पाय नुसते ओढले जात होते. बसथांब्यावरच्या बाकावर तो बसलेला. दुकान चक्क बंद करून!

“आज फार कमी बोललात,” मी शेजारी बसत म्हटलं.

“उरलेलं इथे घेऊन आलोय.”

“रागावला नव्हतात?”

“रागावलो होतो ना. स्वतःवर.” तो जरा घुटमळला. “ऐका... मला जरा लांबलचक बोलायचंय.”

“बोला की.”

तो बोलू लागला. मी आठवडाभर आले नाही, तर दाराशी पाऊल वाजलं की त्याला कसं व्हायचं... रिकाम्या स्टुलाकडे बघून कसं व्हायचं... संध्याकाळचं वारं इतकं मऊ होतं आणि मी इतकी दमले होते, की डोकं कधी त्याच्या खांद्यावर टेकलं ते कळलंच नाही. डोळे मिटले.

“झोपलात?”

मी हलले नाही.

“झोपल्याच.” त्याने हळूच श्वास सोडला. “बरंच झालं. जागेपणी सांगायला जमलं नसतं मला. मला तुम्ही फार... फार आवडता. तुम्ही मला तोडता तेव्हासुद्धा.”

रस्त्यावर बसचे दिवे दिसले. त्याने माझ्या हाताला अलगद बोट लावलं. “उठा, बस आली.”

मी डोळे उघडले. “काय म्हणत होतात?”

“काही नाही... ते आपलं, अक्षरांचंच.”

“मग परत सांगा. पहिल्यापासून.”

“आणि बस?”

“जाऊ दे ही.”

बस थांबली, दार उघडलं, थोडं थांबून मिटलं, आणि ती आमच्याशिवाय निघून गेली. त्याने घसा खाकरला, माझ्याकडे बघितलं, कानापर्यंत लाल झाला... आणि पहिल्यापासून सुरुवात केली.