उद्या कुठून?

शाळेच्या फाटकासमोरचा रस्ता एका रात्रीत खोदला गेला आणि सकाळी ऑफिसताईचं डोकं फिरलं.

ऑफिसताई म्हणजे शाळेच्या कार्यालयातली कारकून. फी, दाखले, हरवलेले डबे, रडणारी मुलं... जे कुणाचंच नाही ते तिचं. शिपायापासून आजोबा-आजींपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. त्यामुळे आपण जेमतेम पंचविशीच्या आहोत आणि आपल्याला एक बऱ्यापैकी नाव आहे, हे ती स्वतःही अधूनमधून विसरायची. त्या सकाळी चराच्या पलीकडे गाड्यांची रांग, हॉर्न, दप्तरं आणि आयांचा आरडाओरडा. अलीकडे ती एकटी. तिने ओढणी खोचली, मातीच्या ढिगावर चढली आणि पिवळं हेल्मेट घातलेला जो पहिला माणूस दिसला त्यालाच धरलं. तो नेमका साइट इंजिनिअर निघाला.

"खोदताना इथे शाळा आहे हे दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसली ना. म्हणून तर परवा नोटीस दिली. तुमच्याच खिडकीत."

तिने मागे वळून खिडकीकडे पाहिलं. नोटीस होती खरी... हरवलेल्या डब्यांच्या खाली.

"नोटिशीवरून मुलं चर ओलांडणार आहेत का?" आपलीच चूक निघाली की आवाज चढवायचा, ही तिची जुनी खोड.

तो हसला. हसताना त्याच्या गालावरचा सिमेंटचा ठिपका हलला आणि इतक्या रागातही तिला तो पुसावासा वाटला. मग तर ती जास्तच भडकली.

"फळ्या टाकतो," तो म्हणाला. "पण गाड्या तिकडे पेट्रोल पंपाशीच थांबवा. तिथून पुढे चालत. आणि मुलांना एकटं सोडू नका."

तोडगा तिथेच, मातीच्या ढिगावर निघाला. गाड्या पंपाशी थांबायच्या. ताई जाड दोरी घेऊन उभी असायची. मुलांनी दोरी धरायची आणि कडेकडेने, फळ्यांवरून, गाणी म्हणत शाळेत पोचायचं. ज्यांना कामावर लवकर पोचायचं असे ते आईबाप मुलांना पंपावर सोडून निश्चिंत जाऊ लागले. काठी टेकत नातीला आणणारे एक आजोबा होते. त्यांच्यासाठी इंजिनिअरने फळ्यांना बांबूचा कठडा बांधून दिला, कुणी न सांगता. तिने ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

मुलांनी त्याचं नाव ठेवलं हेल्मेटकाका.

"काका?" तो कळवळला. "अहो, माझं अजून लग्नही झालेलं नाही!"

"काका व्हायला लग्न कशाला लागतं?" ती म्हणाली. "भावाला मूल झालं की पुरतं."

काम जसं पुढे सरके तशी मुलांची वाट बदले. म्हणून रोज संध्याकाळी तो कार्यालयाच्या खिडकीशी यायचा. ती विचारायची, "उद्या कुठून?" तो सांगायचा, आणि ती लगेच पालकांच्या ग्रुपवर निरोप बोलून पाठवायची, "पालकांनी लक्षात घ्यावं, उद्या उजवीकडून..." एवढ्यासाठी फोन पुरला असता. हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

एकदा तिने धीर करून विचारलं, "सगळे मला ताई म्हणतात. तुम्ही काहीच म्हणत नाही ते?"

"म्हणणारही नाही," तो म्हणाला, आणि हेल्मेट चढवून चालू लागला. त्या दिवशी तिला निरोप तीनदा बोलावा लागला. दर वेळी डावं-उजवं चुकत होतं.

आणि मग तिने घोळ घातला.

त्या सकाळी आजोबांचा फळीवर तोल गेला. कठडा होता म्हणून वाचले, पण कठड्याला आवळलेला त्यांचा हात दिवसभर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. संध्याकाळी तो दुसरीकडे बैठकीला गेलेला. खिडकीतून सिमेंटचा नवा रस्ता दिसत होता, कोरडा, पांढराशुभ्र. बॅरिकेडही बाजूला सारलेलं. फोन करून विचारायचं, एवढंच तर होतं! पण तिने त्याला कधी फोन केलाच नव्हता. काय म्हणेल तो? निमित्त काढून फोन करते म्हणेल... या लाजेपायी तिने विचारलं नाही आणि निरोप मात्र बोलून टाकला, "पालकांनी लक्षात घ्यावं, उद्यापासून रस्ता खुला."

सकाळी तो पहिल्या गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभा होता. तरी गाडीची पुढची चाकं चढलीच होती आणि कोपऱ्यावर त्यांचे दोन खोल ठसे उमटले होते. पालक चिडलेले. ती फाटकाशी, मेल्याहून मेल्यासारखी.

"वरून सुकलंय, आतून अजून कच्चं आहे. पाणी मारायचं बाकी आहे," तो सगळ्यांना सांगत होता. "चूक आमची. टँकर आत घ्यायला बॅरिकेड हलवलं आणि परत लावलं नाही."

तिचं नावही त्याने घेतलं नाही. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "रस्ता झाला की मी जाणारच आहे. एवढी घाई होती?"

ती तोंड उघडेपर्यंत तो निघूनही गेला.

त्यानंतर खिडकीशी कुणी आलं नाही. फोनवर मेसेज यायचा, 'उद्या डावीकडून.' बस्स. काम बिनबोभाट चाललं होतं, मुलं वेळेवर पोचत होती, आणि ताईला जेवण गोड लागत नव्हतं.

"तोंड का उतरलंय गं?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. "रस्ता तर होत आला."

म्हणूनच, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिला तो हवा होता. रस्ता होवो न होवो, खिडकीशी तो यायला हवा होता.

शुक्रवारी संध्याकाळी मेसेज यायच्या आत तीच खिडकीपासून उठली आणि साइटवर गेली. तो पाइप घेऊन रस्त्यावर अंथरलेल्या गोणपाटांवर पाणी मारत होता. ओल्या गोणपाटाचा वास सगळीकडे पसरलेला.

"उद्या कुठून?"

"मेसेज करणारच होतो."

"मेसेज नको. ऐकायचंय."

त्याने पाइप पुढच्या गोणपाटावर वळवला. पाणी वाहत राहिलं.

"मला घाई नव्हती," ती म्हणाली. "फोन करायची लाज वाटली. म्हटलं, तुम्ही म्हणाल... हिला काय झालंय."

"आणि काय झालंय?"

"तेच ते... झालंय."

पाइप त्याच्या हातात तसाच राहिला आणि धार तिच्या चपलांवर आली. तिने पाय मागे घेतला नाही.

"पाणी वाया चाललंय," ती पुटपुटली.

"मुरतंय," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला. "उद्या रस्ता खुला. या वेळी खरंच. सोमवारपासून माझं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला, दवाखान्यापाशी."

शनिवारी गाड्या थेट फाटकापर्यंत आल्या. आजोबा दारात उतरले, काठीने नवा रस्ता ठोकून पाहिला आणि पसंतीची मान हलवली. ताई सवयीने दोरी घेऊन उभी होती. धरायला कुणी नव्हतं.

दोरीचं दुसरं टोक कुणीतरी उचललं. हेल्मेट नाही, केस विंचरलेले. क्षणभर तिने ओळखलंच नाही.

"आज मी विचारतो," तो म्हणाला. "उद्या कुठून?"

तिने घसा खाकरला. "पालकांनी लक्षात घ्यावं—"

"पालक?"

"बरं, इच्छुकांनी. इच्छुकांनी लक्षात घ्यावं, उद्या रविवारी सकाळी पंपापासून उजवीकडे. औषधांच्या दुकानावर, दुसरा मजला. आई घरी असते. बाबा चौकशा फार करतात, तयारीने यावं. गाडी थेट दारापर्यंत येते."

"आणि दारात उभं राहून हाक काय मारू?"

"ताई सोडून काहीही."

तेव्हा त्याने तिला नावाने हाक मारली. शाळेच्या त्या फाटकाशी आजवर कुणीच मारली नव्हती. आजूबाजूला हॉर्न होते, दप्तरं होती, घंटा वाजत होती. तरी तिला ती बरोबर ऐकू गेली आणि तिने ओ दिली.