शेवटच्या टोकाची माणसं

निनाद उष्माघाताने गेला त्या दुपारी बोगद्यात कुणी मोठ्याने रडलंही नाही. उकाड्याने तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

चंद्रपूरकडच्या एका बंद कोळसाखाणीत सारं गाव दर उन्हाळ्यात राहायला येई. वर उन्हात उभं राहणं आता अशक्य झालं होतं. गार हवेचं यंत्र बोगद्याच्या तोंडाशी होतं. शाल्मलीचं कुटुंब त्याच्या अगदी जवळ राही. तिची मैत्रीण वेणू पार शेवटच्या टोकाला. निनाद वेणूचा धाकटा भाऊ.

"वाईट झालं," शाल्मलीचे बाबा म्हणाले, "पण नियम सगळ्यांना सारखाच आहे. जो जास्त काम करतो, तो पुढच्या वर्षी आधी जागा निवडतो. मागचे लोक कामात कमी पडतात."

वेणूची आई तर सतत राबताना दिसे. मग ती कमी कशी पडते? शाल्मलीने संगणकशास्त्रज्ञ असलेल्या सुनंदाआत्याला विचारलं.

"प्रतिमान (खऱ्या गोष्टीची संगणकातली सोपी नक्कल) करून बघू," आत्या म्हणाली. पडद्यावर ठिपके उमटले. "एक ठिपका म्हणजे एक कुटुंब. सगळ्यांची ताकद सारखी. पहिल्या वर्षी जागा चिठ्ठ्या टाकून, आपल्याकडे झालं तसंच. पुढे आपलाच नियम."

पडद्यावर वर्षं सरू लागली. गार जागेतल्यांना झोप बरी लागे, म्हणून काम थोडं जास्त होई, म्हणून पुन्हा गार जागा मिळे. बघता बघता काही ठिपके पुढे चिकटून बसले, काही मागे अडकले.

"हे प्रत्याभरण (परिणामानेच कारणाला पुन्हा बळ मिळणं)," आत्या म्हणाली. तिने नव्या चिठ्ठ्या टाकून पुन्हा सुरुवात केली. या वेळी दुसरेच ठिपके पुढे गेले. पण उतरंड तश्शीच उभी राहिली.

"म्हणजे आम्ही पुढे आहोत ते निव्वळ एका चिठ्ठीमुळे?"

"हो."

"आणि निनाद?"

आत्याने कळफलक जवळ ओढला. तिने नियम बदलला: दर आठवड्याला जागांची अदलाबदल. आता कुणीच मागे अडकून राहिलं नाही.

गावसभेत शाल्मलीने दोन्ही चित्रं दाखवली. खूप आरडाओरडा झाला. मतदानात बाबांनी हात वर केला नाही. तरी नवा नियम जेमतेम मंजूर झाला, तोही याच उन्हाळ्यापुरता.

शाल्मली धावत वेणूकडे गेली. वेणूने ऐकून घेतलं.

"हे आधी का नाही बघितलं कुणी?"

शाल्मली तिच्याजवळ जमिनीवर बसली.

चार दिवसांनी वेणू आपणहून आत्याकडे आली. "पाण्याच्या रांगेतही आम्हीच शेवटी असतो. त्याचंही असं बघता येईल?"

आत्याने तिच्यासाठी संगणकासमोर खुर्ची ओढली.