जुन्या बसचा तिसरा बोल्ट

मी गॅरेजवाला माणूस. गोष्टी रचायला मला सवड नाही. हे माझ्याच हातून घडलंय. पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका.

मागच्या वर्षीची होळी. माझं मोलगीतलं गॅरेज. वेळ दुपारी चारची, लख्ख ऊन. अंधार-बिंधार काही नव्हता.

मला घाई होती. काठी गावच्या होळीत मी त्या वर्षी बावा, म्हणजे नवसाचा नाचणारा, होऊन नाचणार होतो. त्यासाठी पाच दिवस पालनी पाळत होतो. म्हणजे खाटेवर झोपायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही. घरी आई माझ्या अंगावर ठिपके काढायला राख कालवून बसली होती.

नेमकी तेव्हाच एक जुनी मिनीबस दारात येऊन उभी राहिली.

आतून घर केलेलं. शेगडी, पडदे, दोन खाटा. एक खाट ड्रायव्हरच्या मागे, इंजिनच्या पेटीला लागून. दुसरी पार शेवटी, रिकामी. शहाद्याकडचे नवरा-बायको होते, अमृत आणि काजल. सोबत आठ महिन्यांचं बाळ.

"मिस्तरी, घाट चढताना टिकटिक आवाज येस," अमृत म्हणाला. "आम्हले काठीले टायमावर पोचनं शे. लवकर करी द्या."

टिकटिक म्हटल्यावर मला बघायचीही गरज नव्हती. मॅनिफोल्ड. इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा पाइप. त्याचे बोल्ट तुटले की फटीतून धूर निसटतो आणि टिकटिक वाजतो.

दोन बोल्ट ढिले होते, ते निघाले. तिसरा मात्र आधीच तुटलेला. अर्धा तुकडा आतच अडकलेला, वर कुणीतरी फट बुजवायची पेस्ट थापलेली. कुणा आळशाचं काम, मी मनात शिवी हासडली.

तुकडा सुटतो का बघायला मी हातोडीने दोनदा ठोकलं.

ठक. ठक.

आणि गाडीच्या आतून...

ठक. ठक.

"अमृतभाऊ, बाळाच्या हातात हातोडी दिली की काय?" मी ओरडलो.

"बाळ आठे शे ना!"

आवाज माझ्या पाठीमागून आला. तिघंही गॅरेजबाहेरच्या निंबाखाली बसले होते.

गाडीत कुणीच नव्हतं.

मी परत ठोकलं नाही. पत्रा तापला की वाजतो, अशी स्वतःची समजूत घातली.

खरं काम दोन तासांचं होतं. तुकड्यावर नट वेल्ड करायचा, तापवायचा, मग हळूहळू फिरवून काढायचा. पण माझं लक्ष आईने कालवलेल्या राखेत. मी दोन नवे बोल्ट आवळले, तिसऱ्याच्या जागी ताजी पेस्ट थापली.

"चालनार शे ना?" काजलने इंजिनाला लागून असलेल्या खाटेवर हात ठेवत विचारलं. "लेकरू आठेच झोपस."

"चालेल," मी म्हणालो.

बस गेली. मी हात धुवायला बसलो. लांबून ढोल ऐकू येत होते.

मग ढोल ऐकू येईनासे झाले. कोंबड्या, बाजारातली माणसं, काहीच नाही. कानात बोळे घातल्यासारखं झालं.

आणि रिकाम्या गॅरेजात...

ठक. ठक.

टेबलाखालून. मग भिंतीतून. मग माझ्या अगदी कानाशी, घाईघाईने, जसं कुणी आतून दार उघडायला सांगतंय...

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. बाळ.

मी अनवाणीच मोटरसायकलवर बसलो.

चौथ्या-पाचव्या किलोमीटरवर बस उभी दिसली. अमृत रस्त्याकडेला उलट्या करत होता. काजल बाळाला हलवत होती. बाळाची मान लुळी पडली होती.

"मांगे कोनीतरी ठोकी ऱ्हायनं व्हतं, दादा!" ती रडत होती. "थांबेच ना! म्हनून गाडी थांबाडी... मांगे कोनीच नही. आनि मन्हं लेकरू डोळाच उघडस नही!"

धुळीमुळे त्यांनी खिडक्या बंद केल्या होत्या. धूर आत कोंडत गेला. त्यातल्या विषारी वायूला वासच नसतो.

मी बाळाला वाऱ्यावर धरलं. तळपाय चोळले. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी ते रडलं. येणारी एक जीप थांबवून तिघांना तसंच दवाखान्यात नेलं. गाडी थांबवली म्हणून वाचलं, डॉक्टर म्हणाले.

काठीला मी गेलोच नाही. पालनी फुकट गेली. आई बोलली नाही माझ्याशी.

सकाळी बस ओढून आणली आणि तिसरा बोल्ट काढायला घेतला. वेल्डिंगसाठी पेस्ट खरवडली. खालची जुनी पेस्टही खरवडली. धातू दिसला.

त्यावर छिन्नीने मारलेली फुली होती. फुलीच्या उजवीकडे एक टिंब.

तुटलेल्या बोल्टवर ड्रिल बसावं म्हणून फुली सगळेच मारतात. टिंब फक्त मी मारतो. हाताला लागलेली खोड.

मग आठवलं. दहा-बारा वर्षं झाली असतील. हीच बस, तेव्हा पांढरी होती. शेवटच्या खाटेवर कुणीतरी तापाने फणफणत पडलेलं. ड्रिल मोडलं होतं, मला कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. मी पेस्ट थापून म्हणालो होतो... चालेल.

त्या माणसाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

तुकडा निघाला. आतून काहीच वाजलं नाही.

ते बाळाला घेऊन निघाले तेव्हा अमृतला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडी घेतली कुणाकडून?

"नंदुरबारना एक जनकडतीन. नंबर शे मन्हाजोडे. देऊ का?"

मी नको म्हणालो.

त्याने तरी पाठवला. भला माणूस.

वर्ष झालं, नंबर मोबाइलमध्ये आहे. रोज एकदा उघडून बघतो. लावायची हिंमत होत नाही, आणि पुसायचीही होत नाही.