सईद मिस्त्रीचं सूत

हे पोट्टे मले झोपू देत नाहीत. भगवानरावच्या अंगणात शेकोटी पेटली का झालं, सांगा आबा, सांगा आबा. भुतंखेतं मी मानत नाही. पण जे झालं ते झालं, अन् त्याच्यात माह्यं नाव फुकट गोवल्या गेलं, म्हणून सांगतो. मधात कोणी मोबाईल काढला त उठून जाईन.

गोष्ट आपल्याच बाजारओळीतल्या एका कापडवाल्याची. नाव आत्ता सांगत नाही. चूप ऐका.

तारीख पक्की आहे. दोन हजार चोवीस, नऊ डिसेंबर, सोमवार. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाच दुकानदारांची समिती बसणार होती. रस्ता मोठा झाल्यापासून पंचायतीनं नियमच केला होता, दुकानाची दर्शनी बाजू बदलायची त नकाशा आधी समितीपुढं ठेवायचा. पाटी किती उंच, छज्जा किती बाहेर, जोतं ओळीत आहे का नाही, सारं पाहायचं, मंग परवानगी. समितीत मोठा हाच भगवानराव. कापडवालाही होता. अन् नकाशा आला होता त्याच्या शेजारच्या अकीलचा.

अकीलचंही कापडाचंच दुकान. नकाशात खालपासून वरपर्यंत काच, आत साड्या नेसवलेल्या बाहुल्या, रात्रभर लाईट. कापडवाल्यानं तो कागद पाह्यला अन् त्याले अन्न गोड लागेना. अकीलकडं गिऱ्हाईक दाटीनं बसे, याच्याकडं माशा. तेही सोसलं असतं. पण घरची बायको, सरस्वतीबाई, ब्लाऊजपीस अकीलकून आणे. वरून म्हणे, त्याच्याकडं रंग बरोबर जमते. हे त्याले उठताबसता खुपे.

त्यानं हरकत लिहून देल्ली, का अकीलचं जोतं ओळीच्या पुढं आलं आहे. अकील शांत पोरगा. तो म्हणाला, "सईद मिस्त्रीच्या खुंटीवरून सूत लावा, काका. बोटभर पुढं निघालो त नकाशा फाडतो."

सईद मिस्त्रीनं चाळीस वर्षांमागं ही सारी ओळ बांधली. या टोकाले जोत्यात लोखंडी खुंटी ठोकली, त्या टोकाले दगडात खाच पाडली, अन् मधात गेरूचं सूत मारून, म्हणजे ताणलेलं सूत उचलून सोडून रेघ उमटवून, दुकानं आखली. दुसरं टोक मी धरे. मिस्त्री कामात बोलत नसे. सूत ताणलं का दोन हिसके द्यायचा. म्हणजे, मार आता. त्याले जाऊन सहा वर्षं झाली होती.

कापडवाल्याले सकाळपर्यंत धीर निघेना. सूत आधीच लावून पाहू. अकील पुढं निघाला त चांगलंच. नाही निघाला त खुंटी बोटभर आत ठोकू, कोणाले समजते? टोक धरायले माह्याकडं आला. मी म्हणलं, मले नातीच्या, छकुलीच्या बारशाले सोनाळ्याले जायचं आहे, अन् घरी असतो तरी धरलं नसतं.

पावणेबाराले तो एकटाच निघाला. बॅटरी, हातोडी, गेरू लावलेलं सूत. खुंटीले गाठ मारली. सूत सोडत आपल्या दुकानापुढून, मंग अकीलच्या दुकानापुढून त्या टोकाले गेला. वाकला. खाचेवर टेकवून ताणलं.

सूत ढिलं पडलं.

गाठ सुटली असंल म्हणून तो उठणार, तेवढ्यात सूत ताठ झालं. त्यानं ओढलं नव्हतं.

चांद मावळतीले टेकला होता. खुंटीकडं अंधार.

"कोण आहे बे तिकडं?"

...

दोन हिसके.

त्याले वाटलं मीच आहो. त्यानं माह्या नावानं हाक मारली.

पुन्हा दोन हिसके. जोरानं.

त्यानं बॅटरी लावली. सूत सरळ. अकीलच्या जोत्याच्या काठाले लागून. बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही. त्याच्या पुढं... त्याचं सोताचं दुकान.

तवा त्याले आठवलं.

त्यानं आपलं जोतं, शटर हातभर पुढं घेतलं होतं. मिस्त्री जिता होता तवा याचं ऐकला नाही. "ओळ मोडत नाही मी, शेठ. मी मेल्यावर काय करायचं ते करा." मिस्त्री गेला, अन् त्याचा चाळिसावा दिवस व्हायच्या आत यानं दुसरा गवंडी लावला. अकीलचं पाहता पाहता आपलंच इसरला होता.

म्हणजे सूत त्याच्या भिंतीले अडायले पाहिजे होतं.

अडलं नव्हतं.

भिंतीत शिरलं होतं...

दोन हिसके.

त्यानं सूत उचललं का त्याच्या हातानं ते आपसूक उचललं, हे त्याले आजही सांगता येत नाही. फट् आवाज झाला. तो हातोडी टाकून पळाला.

सकाळी समिती आली. अकीलच्या काठावर गेरूची रेघ. नकाशा पास. मंग रेघ याच्या भिंतीत शिरलेली पाहून भगवानराव त्याले म्हणाला, शटर उघड. चावी रातभर याच्याच करदोड्याले होती. शटर वर गेलं. आत, हातभर अंतरावर, फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेरूची रेघ. कापडाच्या थानांवर गेरूचा कण नाही.

त्यानं रातची सारी हकीकत ओकली अन् सकाळीच सोनाळ्याहून परतलेल्या माह्याकडं चारचौघात बोट केलं. म्हणे, हे यानंच केलं, याले मिस्त्रीची कला येते. मी त्या रात्री सोनाळ्यात चाळीस माणसांच्या पंगतीत वाढून राह्यलो होतो. अन् बंद शटरात मी शिरू कुठून बे?

रेघ त्यानं घासली. तेजाब टाकलं. फरशी बदलली, दोनदा. नव्या फरशीवरही संध्याकाळपर्यंत वर आली. आता तिच्यावर चटई टाकून बसते, रस्त्यावर पडलेला अकीलच्या काचेचा उजेड पाहत. सरस्वतीबाई झाडायले चटई उचलते तवा जाऊन पाहा. आजही आहे.

माफी मात्र आली नाही. नाव पाहिजे होतं ना तुम्हाले?

उकंडराव.