वॉल्टरची बाही

मधुमतीची नोकरी म्हटली तर बसल्या जागेची. उन्हावर वीज करणारं शेत इंग्लंडातल्या लिंकनशरमध्ये, आणि ही शंभर मैलांवर मिल्टन कीन्सच्या ऑफिसात चहा पीत त्याची राखण करणार. कुंपणापाशी काही हललं की पडद्यावर लाल दिवा लागायचा, मग हिने भोंग्यातून दरडावायचं. बहुतेकदा चोर म्हणून कोळीच सापडे. कॅमेऱ्याच्या काचेवर जाळं विणायचा मेला.

ती जाळी पुसायचा वॉल्टर. शेतातल्या सौर पॅनेलखाली मेंढ्या चारणारा म्हातारा. शिडी लावून चढायचा, करड्या स्वेटरची बाही काचेवरून फिरवायचा आणि टोपी उचलायचा. भोंगा एकतर्फी, त्याचा आवाज हिने कधी ऐकला नाही. तरी दोघांचं मेतकूट छान जमलं होतं. जानेवारीत तो गेला, तेव्हा मधुमतीला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मार्चमधल्या एका सकाळी, दाट धुक्यात, सातव्या ओळीत एक गाभण मेंढी उताणी पडलेली दिसली. अशी मेंढी आपली आपण उठत नाही, पडल्या पडल्या मरते. नवा मेंढपाळ फोनवर म्हणाला, चाळीस मिनिटं लागतील. इकडे तिचं पाय झाडणं मंदावत चाललं होतं.

मधुमतीने सवयीने भोंग्याचं बटण दाबलं. "वॉल्टर, रो सेव्हन. क्विक, प्लीज..."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"कोणाला बोलावतेस?" शेजारच्या सुश्रुतने हळूच विचारलं. "अगं, तो तर..."

कुंपणाचा दिवा लागला नाही. धुक्यात कोणी दिसलं नाही. पण कोणी गुडघ्याने रेटावं तशी मेंढी कुशीवर कलली आणि उभी राहिली. अर्ध्या तासात तिच्या पायाशी दोन ओलीकच्च कोकरं धडपडत होती. मधुमतीचा आनंद गगनात मावेना. ती हसता हसता रडायलाच लागली.

तेवढ्यात सातवा कॅमेरा अंधारला. करडी लोकर काचेवरून सरकली आणि चित्र लख्ख झालं. मग आठवा. मग नववा.

"शिडी..." सुश्रुतने पडद्यावर बोट ठेवलं. "शिडी कुठेय?"

मधुमतीला मात्र भीती शिवलीही नाही. तिने बटण दाबलं. "थँक यू, वॉल्टर. आता उतरा हं, आजोबा."

आसवांनी माखलेला चष्मा टेबलावर ठेवून ती टिश्यू घ्यायला वळली. परत वळून उचलला, तर काचा स्वच्छ. दांडीच्या बिजागरीत करड्या लोकरीचा एक धागा अडकला होता, धुक्याने ओला.